त्रिफळ्याच्या डबीमागचे रान: वनौषधींच्या व्यवसायातील शाश्वतता आणि न्याय

हिरडा, बेहडा आणि आवळा या तीन फळांच्या चूर्णास त्रिफळा म्हणतात. क्वचितच एखाद्या मराठी घरात या चूर्णाची डबी नसेल. अलीकडे त्या डबीवर ‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘वन्य’ अशी विशेषणे छापलेली दिसतात आणि ग्राहक त्यासाठी चार पैसे अधिकही मोजतो. मात्र, हे फळ कोणत्या झाडाचे, ते कोणी वेचले, वेचणाऱ्याच्या हाती काय पडले आणि पुढच्या वर्षी ते झाड तेथे उभे असेल काय, या प्रश्नांची उत्तरे त्या विशेषणांतून मिळतातच असे नाही. वनौषधींच्या व्यवसायातील शाश्वत आणि नैतिक पद्धतींचा विचार या प्रश्नांपासूनच सुरू होतो.

गोव्याचा जुना संबंध

औषधी द्रव्यांच्या व्यापाराशी गोव्याचे नाते जुने आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधी द्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. पणजीतील नगर उद्यान आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. पुढे सतराव्या शतकात कोचीन येथे डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध करविला. त्या कामी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य सहभागी होते. १६७५ मधील त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. ज्यांच्या ज्ञानावर ग्रंथ उभा राहिला त्यांची नावे ग्रंथात यावीत, ही साधी गोष्ट त्या काळी अपवादात्मक होती. ज्ञान कोणाचे आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

रानातून येणारा माल

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने करविलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात ११७८ औषधी वनस्पतींचा व्यापार चालतो. त्यांपैकी २४२ वनस्पतींचा वार्षिक व्यापार शंभर मेट्रिक टनांहून अधिक आहे आणि या २४२ पैकी १७३ वनस्पती प्रामुख्याने रानातून गोळा केल्या जातात. म्हणजे औषधी वनस्पतींचा उद्योग शेतीपेक्षा जंगलावरच अधिक उभा आहे. शेतातील पीक कापले की शेतकरी पुन्हा पेरणी करतो. रानातील झाडाच्या पुनरुत्पत्तीची जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर नसते.

वनस्पतीचा कोणता भाग काढला जातो यावर हानीचे प्रमाण ठरते. फळ, फूल वा पान बेताने घेतल्यास झाड जगते. साल, मूळ, कंद किंवा खोड घेतल्यास ते मरण्याचा संभव मोठा असतो. सह्याद्रीतील नरक्या हे याचे बोलके उदाहरण. १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी या वनस्पतीत कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असल्याचे दाखवून दिले. कर्करोगावरील औषधांसाठी त्या द्रव्यास जगभर मागणी असल्याने पश्चिम घाटात नरक्याची खोडे आणि मुळे मोठ्या प्रमाणावर काढली गेली. सीता-अशोकाची कथा वेगळी आहे. त्याची साल स्त्रीरोगांवरील औषधांत लागते. खऱ्या सालीचा तुटवडा पडल्यावर रस्त्याकडेच्या उंच, सरळ वाढणाऱ्या ‘अशोका’ची साल तिच्या नावाने विकली जाऊ लागली. या दोन वृक्षांचे कूळही एक नाही. झाडाचा ऱ्हास आणि ग्राहकाची फसवणूक या येथे एकाच साखळीच्या दोन कड्या ठरतात.

‘सेंद्रिय’ म्हणजे काय आणि काय नाही

भारतात सेंद्रिय प्रमाणीकरणाचे दोन मुख्य मार्ग आहेत. निर्यातीसाठी २००१ पासून ‘राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम’ लागू आहे. त्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते. देशांतर्गत बाजारासाठी सहभागी हमी पद्धती आहे. तीत गावातील शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतात. २०१७ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी दोन्ही पद्धतींना मान्यता दिली आणि ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह आणले. लागवडीच्या शेतास रासायनिक पद्धतीतून बाहेर पडण्यासाठी वार्षिक पिकांकरिता साधारण दोन, तर बहुवार्षिक पिकांकरिता तीन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो.

रानातून गोळा केलेला मालही ‘सेंद्रिय’ म्हणून प्रमाणित होऊ शकतो. संकलनाचे क्षेत्र निश्चित असावे, तेथे निषिद्ध रसायनांचा वापर झालेला नसावा आणि संकलनाने परिसराच्या स्थैर्यास बाध येऊ नये, अशा अटी त्यासाठी असतात. तथापि, या प्रमाणपत्राचा मुख्य भर मालाच्या शुद्धतेवर आहे. वेचणाऱ्याला काय भाव मिळाला, हे त्यातून कळत नाही. रानातील बहुतेक झाडांवर कोणी फवारणी करीतच नाही. तेव्हा रसायनमुक्त असूनही एखादे औषध झाडावर आणि माणसावर अन्याय करून आलेले असू शकते.

ही उणीव भरून काढण्यासाठी वन्य वनस्पतींकरिता स्वतंत्र मानक तयार झाले. औषधी व सुगंधी वनस्पतींच्या शाश्वत संकलनाचे आंतरराष्ट्रीय मानक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘फेअरवाइल्ड’ प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २०१० मधील त्याच्या सुधारित मानकात पर्यावरण, सामाजिक न्याय आणि व्यापार या तिन्ही अंगांना धरून अकरा तत्त्वे मांडली गेली. किती फळ काढावे याचा हिशेब झाडांच्या गणतीवरून करणे, संकलकांचे पारंपरिक हक्क मानणे, बालमजुरी टाळणे, रास्त भाव देणे आणि त्याशिवाय समूहाच्या सामाईक कामासाठी अधिकची रक्कम बाजूला काढणे, या त्यातील ठळक अटी होत.

हिरडा, बेहडा आणि धनेश

भारतात या मानकाचा प्रयोग ज्या पहिल्या फळांवर झाला ती सह्याद्रीतील हिरडा आणि बेहडा ही होत. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने उत्तर पश्चिम घाटातील संकलकांसमवेत हे काम उभे केले आणि इंग्लंडमधील ‘पक्का हर्ब्ज’ ही वनौषधी कंपनी या फळांची ग्राहक झाली.

हिरडा म्हणजे हरीतकी. भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी समाजासाठी हिरडा हे उन्हाळ्यातील रोख उत्पन्नाचे मोठे साधन आहे. कोय धरण्यापूर्वीच तोडून वाळवलेल्या कोवळ्या फळास बाळहिरडा म्हणतात आणि बाजारात त्यास चांगला भाव मिळतो. अडचण अशी की सारी फळे कोवळी असतानाच काढली तर बी उरत नाही आणि नवे झाड उगवत नाही. घाईत फांद्या छाटून फळे उतरवली तर पुढील हंगामाचे उत्पन्नही घटते. म्हणून काही झाडे बियांसाठी राखणे, फांदी न तोडता फळ उतरवणे आणि प्रत्येक क्षेत्रातील झाडांची नोंद ठेवणे, हे नियम येथे शाश्वततेचा पाया ठरतात.

बेहड्याची बाब आणखी वेगळी. बिभीतक हा उंच, विस्तीर्ण वृक्ष. त्याची फळे पिकून आपोआप खाली पडतात, त्यामुळे वेचण्याने झाडास इजा होत नाही. वैदिक काळी त्याच्या बियांचे फासे करीत. त्यावर भुताखेतांचा वास असल्याची समजूतही जुनी आहे. जुन्या बेहड्याच्या खोडात मोठ्या ढोली तयार होतात आणि त्या ढोलींत महाधनेश तसेच मलबारी कवड्या धनेश घरटी करतात. धनेशाची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि अंडी उबवून पिले वाढेपर्यंत नर तिला बारीक फटीतून फळे भरवतो. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. तेव्हा जुना बेहडा पडला की त्याचे घर गेले.

कोकणातील रानाचा मोठा भाग खाजगी मालकीचा आहे. मालकाच्या दृष्टीने उभ्या बेहड्याचे मोल सरपणाइतकेच असेल तर गरज पडताच त्यावर कुऱ्हाड चालते. त्याच झाडाखालची फळे दरवर्षी रास्त भावाने विकली जाऊ लागली, तर झाड उभे ठेवण्यास आर्थिक कारण मिळते. धनेशाचे रक्षण, संकलकाची मिळकत आणि ग्राहकाचे औषध या तिन्ही गोष्टी एका झाडाखाली एकत्र येतात.

साखळीतील पैसा

वनौषधींच्या व्यापारात वेचणारा, गावातील व्यापारी, तालुक्याचा बाजार, घाऊक पेढी आणि कारखाना अशी लांब साखळी असते. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडण्यासाठी संकलक त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच भावाने माल देतो. अर्धवट वाळलेला माल बुरशी धरतो आणि भाव आणखी पडतो. नैतिक व्यवसायाची कसोटी या टप्प्यावर लागते. हंगामाआधी भाव ठरविणे, वजन उघडपणे करणे, वेळेवर पैसे देणे, जमिनीपासून उंच मांडवांवर स्वच्छ वाळवणीची सोय करणे आणि प्रतवारीचे काम गावातच ठेवणे, या उपायांनी मालाची गुणवत्ता वाढते आणि वाढीव मोलाचा वाटा संकलकाकडे राहतो. दर पोत्यावर गाव, तारीख व संकलक यांची नोंद असली तर भेसळीचा शोधही सहज लागतो.

कायद्याची चौकट

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क अनुसूचित जमाती व पारंपरिक वननिवासींना दिला. २०१३-१४ पासून केंद्राची गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आहे आणि हिरड्याचा तीत समावेश आहे. गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांतील रानाशी जोडलेल्या कुटुंबांसाठी या तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने राष्ट्रीय प्राधिकरण, राज्य मंडळे आणि पंचायत पातळीवरील व्यवस्थापन समित्या अशी तिहेरी रचना उभी केली. गावातील जैवसंपदेची लोकनोंदवही करणे हे समित्यांचे काम. व्यावसायिक वापरातून होणाऱ्या लाभाचा न्याय्य वाटा स्थानिक समूहास मिळावा, हे या कायद्याचे सूत्र आहे. हे बंधन भारतीय कंपन्यांनाही लागू होते, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र लागवडीच्या औषधी वनस्पती आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान यांच्या वापरास सवलत दिली. त्यामुळे माल शेतातला की रानातला, याची खरी नोंद पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे.

लाभवाटपाचे बहुचर्चित उदाहरण केरळचे आहे. कानी आदिवासींनी दाखविलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीवरून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केले. १९९५ मध्ये ते तंत्रज्ञान कोइंबतूरच्या औषध कंपनीस देताना मिळालेल्या परवाना शुल्काचा व स्वामित्वधनाचा अर्धा वाटा कानी समाजास देण्याचे ठरले. पुढे कच्च्या मालाचा पुरवठा आणि वनखात्याची परवानगी यांवरून अडचणी आल्या. केवळ करार पुरेसा नसतो, रानावरील हक्कही स्पष्ट हवा, हा त्यातून मिळालेला धडा होय.

ग्राहकाने काय पाहावे

सेंद्रिय बोधचिन्हासोबत प्रमाणपत्राचा क्रमांक आहे काय, वनस्पतीचे शास्त्रीय नाव व वापरलेला भाग छापला आहे काय, माल लागवडीचा की वन्य हे सांगितले आहे काय आणि तो कोणत्या प्रदेशातून आला याचा उल्लेख आहे काय, एवढे चार प्रश्न विचारता येतात. मूळ, साल वा कंदापासून केलेले ‘वन्य’ औषध अतिशय स्वस्त मिळत असेल, तर त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी चुकती केलेली असण्याची शक्यता अधिक. परसात तुळस, अडुळसा, गवती चहा, ओवा लावणे हाही रानावरचा भार हलका करण्याचा सोपा मार्ग आहे.

त्रिफळ्याची तीन फळे आजवर रानाने आणि रानातल्या माणसांनी पुरविली. ती पुढेही मिळत राहावीत, तर बियांसाठी राखलेला हिरडा, ढोलीसह उभा असलेला जुना बेहडा आणि पोते भरून आणणाऱ्या संकलकाच्या हाती पडणारा रोख मोबदला या तिन्हींची तजवीज डबीच्या किमतीतच असावी लागेल.