कंदमुळातून आलेली गोळी



दशलक्षण पर्व जवळ आले की घराघरांत हळू आवाजात एकच चौकशी सुरू होते, "तुझी तारीख कधी?" मग औषधांच्या दुकानातून पाळी लांबवणारी गोळी येते. विधानासाठी, महाराजांच्या चौक्यासाठी मीही ती अनेकदा घेतली. तिचा इतिहास मात्र आत्ता वाचला.

या औषधाचे नाव नॉरएथिस्टेरॉन. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानकंदांपासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवले. पुढे १५ ऑक्टोबर १९५१ रोजी मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीत कार्ल जेरासी यांच्या हाताखाली काम करणाऱ्या लुइस मिरामोंतेस या २६ वर्षांच्या विद्यार्थ्याने नॉरएथिस्टेरॉन तयार केले. त्याचाही कच्चा माल तोच कंद! बटाटा-कांदा उंबऱ्याबाहेर ठेवणाऱ्या आपण पर्वासाठी जी गोळी घेतो, तिचे मूळ कंदमुळात निघाले. आता बनवण्याच्या पद्धती बदलल्या आहेत, पण वाचून मी थबकले खरी.

त्याहून जास्त मनाला लागली ती पुढची गोष्ट. १९५७ साली अमेरिकेत या औषधाला पहिली परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून मान्यता नंतर आली. म्हणजे अनियमित पाळी, अति रक्तस्राव यांनी त्रासलेल्या बायकांसाठी ते होते. आपल्याकडे उलटेच घडते. तिथी सांभाळायला गोळी लगेच आणतो, पण दहा-दहा दिवस अंगावर जाणाऱ्या सुनेला "बाईच्या जातीला असायचंच" म्हणून गप्प बसवतो. माझ्या सासूबाईंनी तसेच अंगावर काढले, रक्त पार कमी झाले तेव्हा दवाखाना पाहिला.

मोठ्या बाईची पाळी साधारण २१ ते ३५ दिवसांनी येते. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, मोठ्या गाठी पडणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, यांपैकी काही झाले तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. लांबवण्याची गोळीही त्यांना विचारूनच घ्यावी, विशेषतः पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा यकृताचा आजार असेल तर.

अडचण आली तर मनातल्या मनात णमोकार म्हणता येतो. आपल्या धर्मात अहिंसा पहिली आहे, आणि स्वतःचा देहही त्यात येतो. यंदा पर्वाआधी लेकी-सुनांना तारीख विचाराल, तेव्हा "त्रास किती होतो?" हेही विचारा.