दाबावे तरी किती?

इंजिनाचे संपीडन गुणोत्तर काढताना विद्यार्थी एक चूक हमखास करतात. समजा, दट्ट्या खालून वर जाताना १०० घ.सें.मी. जागा व्यापतो आणि वर १२.५ घ.सें.मी. पोकळी उरते. १०० ला १२.५ ने भागून ते ८ लिहितात. पण दट्ट्या तळाशी असताना वायू ११२.५ घ.सें.मी. जागेत असतो, म्हणून उत्तर ९. शर्यतीचे इंजिन बांधणारे ही पोकळी स्पार्क प्लगच्या भोकातून ब्युरेटने तेल सोडून मोजतात. (होय, आपल्या प्रयोगशाळेतलीच ब्युरेट!) सिलिंडरचा व्यास ५० मि.मी. असेल, तर अर्धा मि.मी. पातळ गॅस्केट बसवताच पोकळी सुमारे १ घ.सें.मी. घटते आणि गुणोत्तर ९.७ च्या जवळ पोचते.

एवढा खटाटोप कशासाठी? आदर्श ओटो चक्राचे सूत्र वापरले, तर गुणोत्तर ४ असताना कार्यक्षमता ४३ टक्के येते, ८ असताना ५६ टक्के. प्रत्यक्षात ती बरीच कमी असते, पण वाढीची दिशा तीच. निकोलाउस ओटोच्या १८७६ च्या इंजिनात गुणोत्तर जेमतेम अडीच होते. मग पुढच्यांनी ते भराभर का वाढवले नाही?

आड आले नॉकिंग. ठिणगीने पेटलेली ज्योत पसरत असताना तिच्या पुढचे न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापते आणि आपोआप एकदम पेटते. ठक्‌ठक्‌ आवाज येतो, दट्ट्या फुटूही शकतो. दोष इंजिनाइतकाच इंधनाचाही आहे, हे इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी दाखवले. १९१९ च्या सुमारास त्यांनी चालू असतानाच गुणोत्तर बदलता येईल असे इंजिन बांधले आणि कोणते इंधन किती दाब सोसते ते मोजले. टोल्यूइन त्यात सरस ठरले. आमच्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर प्रयोग हाच.

अमेरिकेत थॉमस मिजली यांनी ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात घालून पाहिले. नॉकिंग थांबले. अल्कोहोलनेही ते थांबते, हे त्यांना ठाऊक होते; तरी बाजारात शिसे आले, १९२३ मध्ये. शिसे विषारी आहे, हे काही नवे ज्ञान नव्हते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे रसायन बनवणारे पाच कामगार मरण पावले. थोडी चौकशी झाली, विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. गुणोत्तरे चढत गेली. भारतातील पंपांवरून शिसेयुक्त पेट्रोल २००० साली गेले. जगात सर्वांत शेवटी, अल्जीरियातून, जुलै २०२१ मध्ये.