फ्लॉरेन्सची ग्रंथभांडारे

फ्लॉरेन्सला जाणारे प्रवासी चित्रे पाहतात, पुतळे पाहतात, तो प्रचंड घुमट चढून धापा टाकतात आणि एखादे चामड्याचे पाकीट विकत घेऊन परततात. ग्रंथालय पाहण्यासाठी म्हणून तेथे फारसे कोणी जात नाही. आपल्या मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली पुष्कळ वर्षे माझ्याकडे असल्यामुळे मी मात्र तेथील तीन ग्रंथालये मुद्दाम पाहिली. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत त्यांचीच हकीकत भगिनींपुढे ठेवीत आहे.

सर्वांत जुने ते सान मार्को मठातले. मठाच्या माडीवर भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत व त्यांना लागूनच हे लांबट दालन आहे. दोहो बाजूंना सडपातळ खांबांच्या रांगा, वर कमानी आणि खिडक्यांतून येणारा शांत उजेड. मिकेलोत्सो नावाच्या वास्तुकाराने ते १४४४ च्या सुमारास पुरे केले. आज तेथे पूर्वीचे ग्रंथ नाहीत. पण दालनाचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे. निक्कोलो निक्कोली हा लोकरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. ग्रंथांचे वेड इतके, की घरचा पैसा त्यातच घातला आणि १४३७ मध्ये मेला तो कर्ज ठेवून. मागे शेकडो हस्तलिखिते! सावकारांनी ती वाटून घेतली असती तर कोणी काय म्हणणार? पण ती लोकांच्या उपयोगी पडावीत अशी त्याची इच्छा होती. कोझिमो दे मेदिची या धनाढ्य पेढीवाल्याने त्याचे कर्ज फेडले आणि त्यांतली सुमारे चारशे हस्तलिखिते या मठात ठेवली. मठाबाहेरच्या विद्वानांनाही ती वाचता येत. छपाईची कला इटलीत येण्याआधीची ही गोष्ट आहे हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. त्या वाचकांत एखादी तरी स्त्री असेल का, हा प्रश्न मला तेथे उभी असताना पडल्यावाचून राहिला नाही.

मेदिची घराण्याचा स्वतःचा संग्रह निराळा. १४९४ मध्ये या घराण्याला शहरातून हाकलून दिले, तेव्हा ग्रंथही जप्त झाले. पुढे १५०८ मध्ये घरातल्याच एका कार्डिनलने ते पैसे मोजून सोडवले आणि रोमला नेले. नंतर याच घराण्यातला जूल्यो सातवा क्लेमेंट या नावाने पोप झाला. त्याने १५२३ मध्ये, ग्रंथ पुन्हा फ्लॉरेन्सला आणून ठेवण्यासाठी, सान लोरेंत्सो चर्चच्या आवारात इमारत बांधण्याचे काम मायकेल अँजेलोवर सोपविले.

ही लाउरेन्त्सियाना. ओवरीतून वर गेले की प्रथम एक उंच, काहीशी अंधारी खोली लागते आणि ती खोली जवळजवळ सगळी एका जिन्यानेच व्यापलेली. खाली तीन पदरी, वर एक पदरी. मधल्या पायऱ्या गोलसर, जणू वरून काही पाझरत खाली आले आहे. मायकेल अँजेलो १५३४ मध्ये काम अर्धवट टाकून रोमला गेला तो परत आलाच नाही. पुष्कळ वर्षांनी त्याने रोमहून या जिन्याचा मातीचा लहानसा नमुना पाठविला आणि त्यावरून अम्मानाती याने १५५९ मध्ये तो बांधला. म्हाताऱ्याला अक्रोडाच्या लाकडाचा जिना हवा होता. झाला करड्या दगडाचा. मला विचाराल तर लाकडाचाच शोभला असता.

जिना चढून गेल्यावर वाचनाचे दालन. दोहो बाजूंना लाकडी बाके व त्यांनाच जोडलेले उतरते मेज. प्रत्येक बाकाच्या टोकाला तेथील ग्रंथांची यादी. १५७१ मध्ये हे ग्रंथालय उघडले तेव्हा ग्रंथ साखळीने बाकांना बांधलेले असत. घरी नेलेली कादंबरी चार-चार महिने परत न करणाऱ्या आमच्या काही सभासद भगिनींची त्या वेळी मला आठवण झाली, हे येथे नमूद करते. आज येथे सुमारे अकरा हजार हस्तलिखिते सुरक्षित कोठारात आहेत. त्यांत इंग्लंडच्या उत्तर भागातील मठात ७१६ पूर्वी लिहिलेले एक संपूर्ण लॅटिन बायबल आहे. हजारावर चर्मपत्रांची पाने, वजन सुमारे ३४ किलो! पोपला ते अर्पण करायला निघालेला वृद्ध मठाधिपती वाटेतच वारला.

एवढे सगळे फ्लॉरेन्समध्येच राहिले, ते कोणामुळे? एका बाईमुळे. आन्ना मारिया लुईझा ही मेदिची वंशातली शेवटची. नवरा जर्मनीतला राजा. तो वारल्यावर निपुत्रिक अवस्थेत ती १७१७ मध्ये माहेरी परतली. १७३७ मध्ये भाऊ मेला आणि राज्य परक्या घराण्याकडे गेले. राज्य तिला राखता येणे शक्यच नव्हते. पण तिने नव्या राजाशी करार केला, की आमच्या घराण्याची चित्रे, पुतळे, ग्रंथालये, जडजवाहीर तुमच्या स्वाधीन करते, मात्र यांतले काहीही या शहराबाहेर जाता कामा नये. हे लोकांच्या उपयोगासाठी आहे. असा करार झाला नसता तर सगळे कोठे कोठे पांगले असते कोण जाणे. १८ फेब्रुवारी १७४३ रोजी ती वारली. लाउरेन्त्सियानाच्या शेजारीच तिचे थडगे आहे.

तिसरे ते आर्नो नदीकाठचे राष्ट्रीय ग्रंथालय. याचे मूळ माल्याबेकी नावाच्या विक्षिप्त गृहस्थाच्या संग्रहात. चाळिशीपर्यंत सोनाराच्या दुकानात काम केलेला हा माणूस पुढे राजाचा ग्रंथपाल झाला. पुस्तकांच्या ढिगातच तो जेवे आणि झोपे, असे सांगतात. १७१४ मध्ये मरताना त्याने सुमारे ३०,००० ग्रंथ शहराला दिले.

४ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे आर्नो शहरात शिरली. तळघरांतली पुस्तके व वर्तमानपत्रांचे गठ्ठे चिखलात बुडाले. त्या चिखलात घरे तापविण्याचे तेल मिसळलेले. दहा लाखांहून अधिक पुस्तके व कागद खराब झाले. तेव्हा देशोदेशींची तरुण मुले-मुली धावून आली. तळघरापासून वरपर्यंत जिन्यावर रांग करून, आपल्याकडे आग लागली की बादल्या देतात तसे, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती एकेक पुस्तक त्यांनी बाहेर काढले. ओली पुस्तके वाळवायला तंबाखू सुकविण्याच्या भट्ट्यासुद्धा वापरल्या. पाने सुटी करायची, धुवायची, वाळवायची आणि पुन्हा बांधायची, हे काम पन्नास वर्षे उलटल्यावरही चालूच होते. पानशेतचा पूर ज्यांच्या घरात शिरला होता, त्यांना भिजलेल्या कागदाचा गोळा म्हणजे काय ते सांगायला नको.

ग्रंथालयापासून थोड्याच अंतरावर सान रेमिज्यो नावाची अरुंद गल्ली आहे. तेथील एका भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण दाखविणाऱ्या दोन पाट्या आहेत. एक १३३३ सालची, लाटांकडे बोट दाखविणारा हात कोरलेली. दुसरी १९६६ ची, तिच्याहून थोडी वर. दोन्हींवर तारीख एकच, ४ नोव्हेंबर. मी टाचा उंचावून हात वर केला, तरी खालच्या पाटीपर्यंतसुद्धा तो पोहोचला नाही.