मेसरश्मिट 163 ‘कोमेट’ : शत्रूपेक्षा स्वतःच्या वैमानिकाला जास्त धोकादायक ठरलेले रॉकेट विमान

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने एक असे लढाऊ विमान बनवले, ज्याला ना पंखा होता ना शेपटीची आडवी पाती. ते चक्क रॉकेटच्या जोरावर उडायचे. त्याचे नाव मेसरश्मिट 163 कोमेट, म्हणजे धूमकेतू. प्रत्यक्ष लढाईत उतरलेले हे जगातले एकमेव रॉकेट इंजिनचे लढाऊ विमान. वेगात त्याला तोड नव्हती. पण त्यात बसणे म्हणजे जिवाशी खेळ होता.

विमान कसे तयार झाले?

या विमानाची कल्पना अलेक्झांडर लिपिश या अभियंत्याची. बिनशेपटीच्या ग्लायडरवर त्याने अनेक वर्षे काम केले होते. 1939 मध्ये तो आपल्या सहकाऱ्यांसह मेसरश्मिट कंपनीत आला. इंजिन मात्र हेल्मुट वाल्टर याचे होते. 2 ऑक्टोबर 1941 रोजी चाचणी वैमानिक हाइनी डिटमार याने या विमानाच्या सुरुवातीच्या नमुन्यातून ताशी 1004 किलोमीटर वेग गाठला. त्या काळातली बहुतेक लढाऊ विमाने ताशी 600 किलोमीटरच्या आसपास उडत होती.

लढाईसाठी बनवलेले कोमेट साडेतीन मिनिटांच्या आसपास 12 हजार मीटर उंची गाठायचे. म्हणजे कळसूबाई शिखराच्या सातपटीहून जास्त!

खरा धोका इंधनाचा

कोमेटमध्ये दोन द्रव असत. पहिला ‘टी-श्टोफ’, म्हणजे सुमारे 80 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळते तेच हे रसायन, पण बाटलीत त्याचे प्रमाण जेमतेम 3 ते 6 टक्के असते. दुसरा ‘सी-श्टोफ’, म्हणजे मिथेनॉल, हायड्राझिन हायड्रेट आणि पाणी यांचे मिश्रण.

हे दोन्ही एकत्र आले की ठिणगीशिवाय पेट घेत. इंजिनात हवे तेच होते; पण जमिनीवर थोडी जरी गळती झाली तरी स्फोट ठरलेला. म्हणून दोन्ही द्रवांचे टँकर एकाच वेळी विमानाजवळ आणत नसत. एक भरून झाला की भरपूर पाण्याने सगळे धुऊन काढत आणि मगच दुसरा टँकर येई.

टी-श्टोफ कापड, लाकूड, कातडी अशा वस्तूंना पेटवू शके आणि माणसाची त्वचा जाळून टाकी. आणि त्याच्या दोन टाक्या कॉकपिटमध्ये वैमानिकाच्या दोन्ही बाजूंना होत्या! वैमानिकांना खास संरक्षक पोशाख दिला जाई, पण मोठी गळती झाली तर त्याचाही उपयोग नव्हता. डिसेंबर 1943 मध्ये वैमानिक योझेफ प्योस याचा अशाच अपघातात मृत्यू झाला.

उडणे अवघड, उतरणे त्याहून अवघड

वजन वाचवण्यासाठी विमानाला कायमची चाके नव्हती. दोन चाकांच्या गाड्यावरून ते उड्डाण करी आणि वर उठताच गाडा खाली टाकून देई. हा गाडा कधी उसळून विमानावरच आदळे, तर कधी सुटतच नसे. ऑक्टोबर 1942 मध्ये प्रसिद्ध महिला वैमानिक हाना राइट्श हिच्या विमानाचा गाडा अडकला आणि उतरताना ती गंभीर जखमी झाली.

इंधन साडेसात मिनिटांत संपे. त्यानंतर विमान ग्लायडरसारखे तरंगत खाली येई आणि पोटाखालच्या पट्टीवर घसरत थांबे. उतरायला एकच संधी, कारण पुन्हा वर जायला इंजिनच नाही. जोरात आपटले तर पाठीचा कणा मोडण्याची भीती आणि टाकीत इंधन उरले असेल तर स्फोटाची. उतरल्यावरही ते स्वतः हलू शकत नसे. ओढून न्यायला खास ट्रॅक्टर येई.

लढाईत काय झाले?

1944 च्या उन्हाळ्यात लाइपझिगजवळच्या ब्रांडिस तळावर कोमेट तैनात झाले. लॉयना येथील कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांचे रक्षण हे त्यांचे मुख्य काम. पण पल्ला होता साधारण 40 किलोमीटर. धाराशिवहून उडालेले कोमेट सोलापूरपर्यंतही पोहोचले नसते.

शिवाय वेगच आडवा आला. समोरचे बॉम्बर इतके संथ, की नेम धरायला दोन-तीन सेकंद मिळत. इंधन संपून तरंगत परतणारे कोमेट मात्र मित्रराष्ट्रांच्या विमानांना सोपे सावज होते. 300 हून अधिक कोमेट बनली; त्यांनी पाडलेल्या विमानांची संख्या 9 ते 16 च्या दरम्यान सांगितली जाते.

यातली काही विमाने वेठीला धरलेल्या मजुरांकडून बनवून घेतली होती. अमेरिकी हवाई दलाच्या संग्रहालयातील कोमेटची दुरुस्ती करताना इंधनाची टाकी आणि तिला धरणारा पट्टा यांच्यामध्ये मुद्दाम ठेवलेले दगड सापडले. आत फ्रेंच भाषेत देशप्रेमाचा मजकूरही लिहिलेला होता. पकडले गेले असते तर मृत्यू अटळ, तरीही त्या मजुरांनी ही जोखीम घेतली.

पुढे काय?

जपानने याच धर्तीवर ‘शुसुई’ विमान बनवले. जुलै 1945 मध्ये इंजिनसह पहिल्याच उड्डाणात ते कोसळले आणि वैमानिक दगावला. तोवर जेट इंजिने आली होती आणि लढाऊ विमानांनी तीच वाट धरली.

एकमेकांना भेटताच पेटणाऱ्या इंधनांचे तत्त्व मात्र टिकले. भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातले ‘विकास’ इंजिन याच तत्त्वावर चालते. रसायने वेगळी आहेत, आणि मुख्य म्हणजे त्या टाक्यांच्या मधोमध कोणी माणूस बसलेला नसतो.