शरणपूरची मुले आणि आमचा सायंवर्ग

देवळाली गाव जुने आहे. परंतु देवळाली कॅम्प मुळी पाहुण्यांसाठीच वसला. १८६१ साली इंग्रज सरकारने येथे छावणी घातली, आणि आगबोटीने मुंबईस उतरलेले गोरे शिपाई येथे येऊ लागले. मुदत भरलेले शिपाई परतीच्या बोटीची वाट पाहत येथेच महिनेच्या महिने काढू लागले. त्या रिकामपणात कित्येकांची डोकी फिरली असे म्हणतात, आणि ‘डुलाली’ हा शब्द इंग्रजीत वेडेपणाचा वाचक होऊन बसला. आपल्या गावाने इंग्रजीस दिलेली ही देणगी फारशी भूषणावह नाही, हे खरे. पुढे १९४७ नंतर सिंध सोडून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. आणि तोफखान्याच्या शाळेमुळे प्रांतोप्रांतीच्या जवानांची बिऱ्हाडे आजही येतात व जातात. अशा गावी धर्मग्रामाने नवागतांसाठी इंग्रजीचा सायंवर्ग चालवावा, यात नवल ते काय?

या स्मरणिकेसाठी त्या वर्गाविषयी चार शब्द लिहावे अशी आम्हांस विनंती झाली. वर्ग स्वयंसेवकांचा आहे. त्यांची स्तुती केलेली त्यांना रुचणार नाही. म्हणून आम्ही त्याच्या एका थोरल्या भावंडाची हकीकत सांगतो, जे येथून काही मैलांवर नाशकात नांदून गेले.

नाशकातील शरणपूर रोड वाचकांच्या नित्य पायाखालचा आहे. ज्या शरणपुरावरून त्यास नाव पडले, ती वसाहत आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या चर्च मिशनरी सोसायटीची. या संस्थेचे काम नाशकात १८३२ साली सुरू झाले, आणि शतकाच्या मध्यास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपुरास आकार दिला. त्या काळी इंग्रजांची लढाऊ जहाजे अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडीत. पकडलेल्या गलबतातून सुटलेल्या माणसांत लहान मुले पुष्कळ असत. त्यांना मुंबईच्या बंदरात उतरवीत. पण उतरवून पुढे काय? आईबाप कोठे, गाव कोठे, याचा पत्ता नाही, आणि त्यांची बोली समजणारा मनुष्य सापडणे दुर्घट. अशा मुलांपैकी पुष्कळांना १८६० च्या सुमारापासून शरणपुरास आणू लागले. तेथे त्यांना इंग्रजी शिकविले, सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकविले, आणि आपल्या मुलखातील भाषा तर ती मुले ऐकून ऐकूनच शिकली.

१८६५ साली प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशकास आला. पुढील वर्षी तो आफ्रिकेच्या आतल्या भागात शिरला तेव्हा त्याच्या तांड्यात नाशकाची नऊ मुले होती. त्यांस ‘नासिक बॉइज’ म्हणत. सगळीच काही गुणांची पुतळी निघाली नाहीत. त्यांच्या आळसाविषयी त्याने रोजनिशीत तक्रारी लिहिल्या आहेत. परंतु गार्डनर व मब्रुकी हे दोघे शेवटपर्यंत राहिले. १८७२ साली मदतीची तुकडी गेली, तीत शरणपूरचे आणखी काही तरुण होते. जेकब वेनराइट हा त्यांतील एक.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला. जवळ एकही गोरा मनुष्य नव्हता. त्याच्या सोबत्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले. जेकबने इंग्रजी प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला, झाडावर नाव व तारीख कोरली, आणि मृताच्या सामानाची यादी लिहून काढली. मग त्या लोकांनी तो देह हजार मैलांहून अधिक चालत समुद्रकिनाऱ्यास नेला. १८७४ च्या फेब्रुवारीत बागामोयो येथे पवित्र आत्म्याच्या संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी तो आपल्या मिशनमध्ये रात्रभर ठेवून घेतला. वाद पंथांचे असतात, प्रेताला थारा देण्यास पंथ आड येत नाही. त्याच वर्षी १८ एप्रिल रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा पेटीशेजारी चालणाऱ्यांत जेकब होता. जे सोबती लिव्हिंग्स्टनजवळ त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे राहिले, ते सूसी आणि चुमा मात्र दफन आटोपल्यावर इंग्लंडात पोहोचले. जेकबला इंग्रजी लिहिता-वाचता येत होते.

या गोष्टीतून भाषेचे सामर्थ्य दिसते, आणि येथेच लेखणी ठेवावी असा आम्हांस मोह झाला होता. पण उरलेली हकीकत सांगितली नाही तर ते अर्धसत्य होईल.

१८७४ च्या अखेरीस प्राइस साहेब पूर्व आफ्रिकेस निघाले. मोंबासाजवळ १८७५ साली त्यांनी मुक्त गुलामांसाठी फ्रियर टाउन वसविले आणि शरणपूरची मंडळी तेथे नेली. मायदेशी परतली म्हणावे, तर तेथे ती परकी ठरली. पोशाख निराळा, तोंडी इंग्रजी आणि हिंदुस्थानी. जन्मभाषा पुष्कळांच्या जिभेवरून गेलेली. नावेही गेलेली: मॅथ्यू वेलिंग्टन या नावाचा जो गृहस्थ १९३५ साली मोंबासात वारला, त्याचे मूळ नाव चेंग्विंबे होते. नाशकात ज्यांना ‘आफ्रिकन’ म्हणत, त्यांना आफ्रिकेत ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. आणि पाद्रीसाहेबांस काय खटकावे? ही माणसे फार शिकली, साहेबासारखी बोलतात, बरोबरीने वागवा म्हणतात, हेच! ज्यांनी भाषा दिली त्यांनाच ती त्या तोंडी जड वाटू लागली. तरी त्यांतीलच विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनपदाची दीक्षा दिली. आणि त्याच वर्षी बुसोगा प्रांतात बिशपांचा वध झाला तेव्हा उरलेल्या माणसांस सांभाळून जोन्सनेच किनाऱ्यास परत आणले.

दुसऱ्यांचे दोष काढणे सोपे. म्हणून आमचाही सांगतो. कित्येक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, अशाच वर्गात आम्ही नियम केला होता की, दाराच्या आत इंग्रजीखेरीज अक्षर बोलायचे नाही. छोटानागपूरकडील एक कुडुख बोलणारा मुलगा वर्गास येई. आपल्या धाकट्या भावाला काही सांगताना तो दोनदा पकडला गेला आणि दोनदा उभा राहिला. तिसऱ्या आठवड्यात दोघेही आले नाहीत. आम्ही चौकशी केली ती महिन्यानंतर; तोवर ते बिऱ्हाड हलले होते.

वास्तविक आम्हांस हे सेमिनरीतच कळावयास हवे होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरले ते नवागत म्हणूनच. त्यांनी आधी येथील भाषा शिकून घेतली, आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत प्रसिद्ध झाले. आम्ही परीक्षेस हा भाग घोकला, उत्तम गुण मिळविले, आणि वर्गाच्या दारावर वरील पाटी लावली.

येथील सायंवर्गात तशी पाटी नाही. नाव नोंदविताना मातृभाषा विचारून वहीत लिहितात, आणि प्रत्येक नवागताकडून शिकविणाराने प्रथम दहा शब्द शिकून घ्यावयाचे असा परिपाठ आहे. गेल्या पावसाळ्यात एक कुडुखभाषी बाई दाखल झाली. पाण्यास तिच्या भाषेत ‘अम्म’ म्हणतात. आमचा उच्चार तिला पसंत पडेना. तो तिने आम्हांकडून चार वेळा म्हणवून घेतला, आणि मग स्वतःची पाटी पुढे ओढून त्याच शब्दासमोर इंग्रजी शब्द लिहावयास बसली.