घरच्या अंगणात लग्न करायचंय? कुठे परवानगी लागते, कुठे नाही

मंगल कार्यालयाचं भाडं परवडत नाही म्हणून किंवा हौस म्हणून, पुन्हा अंगणात, परसात नाहीतर वस्तीवरच्या मोकळ्या रानात मांडव टाकून लग्नं होऊ लागली आहेत. मग प्रश्न येतो, अशा लग्नाला सरकारी परवानगी लागते का? आणि ते कायद्यात बसतं का?

लग्न कुठे लावावं, यावर हिंदू विवाह कायदा, 1955 मध्ये काहीच अट नाही. कलम 7 एवढंच सांगतं की वर किंवा वधू, यांपैकी एकाकडच्या रूढीप्रमाणे विधी झाले पाहिजेत. रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. ते कार्यालयात पडलं काय आणि शेणाने सारवलेल्या अंगणात पडलं काय, कायद्याला सारखंच. बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. ख्रिस्ती लग्नासाठी 1872 चा वेगळा कायदा असून त्यात जागा आणि वेळेच्या अटी आहेत. त्यामुळे त्यांनी आधी चर्चमध्ये विचारून घ्यावं.

नोंदणी पद्धतीचं लग्नही घरी लागू शकतं, हे फार जणांना माहीत नसतं. विशेष विवाह कायदा, 1954 च्या कलम 12 नुसार जादा फी भरली तर विवाह अधिकारी कार्यालयापासून वाजवी अंतरावरच्या, जोडप्याने सांगितलेल्या जागी येऊ शकतात. मात्र त्याआधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार हवेत. मुहूर्त काढून मग नोटीस दिली तर तारीख हुकते. आधी नोटीस, मग पत्रिका.

मांडव, लाईट, डीजे

स्वतःच्या अंगणात मांडव टाकायला कुणाला विचारायची गरज नाही. मांडवाचा खांब रस्त्यात आला की मात्र विषय बदलतो. गावातला रस्ता आणि मोकळी सार्वजनिक जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात असते, आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 नुसार ती तिथला अडथळा काढायला लावू शकते. सरपंचांनी तोंडी ‘टाका की’ म्हटलं तरी दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घेतलेली बरी. भावकीत कुरबुर असेल तर नक्कीच घ्यावी.

रोषणाईसाठी खांबावर आकडा टाकणं ही वीजचोरी आहे. वीज कायदा, 2003 च्या कलम 135 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महावितरण अशा कार्यासाठी तात्पुरती जोडणी देतं. जनरेटर भाड्याने आणला तर तोही प्रश्न नाही.

खरी भांडणं होतात ती आवाजावरून, आणि तीही लग्नाच्या दिवशी कमी, हळदीच्या रात्री जास्त. ध्वनी प्रदूषण नियम, 2000 प्रमाणे लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. ती पोलीस ठाण्यातून मिळते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंदच. जागा स्वतःची आहे म्हणून यातून सूट नाही. सणासुदीला 12 वाजेपर्यंत जी सवलत सरकार जाहीर करतं, ती घरच्या हळदीला नसते. डीजेवाला ‘सगळं मॅनेज आहे’ म्हणतो, पण परवानगीचा कागद दाखवा म्हटलं की गप्प होतो. दवाखाना, शाळा किंवा कोर्ट 100 मीटरच्या आत असेल तर तो जाहीर केलेल्या शांतता क्षेत्राचा भाग असू शकतो.

पाहुण्यांना दारू द्यायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना लागतो, घर स्वतःचं असलं तरी.

वय कमी असेल तर

मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण हवा. कार्यालयवाले आता वयाचे दाखले मागतात, म्हणून काही ठिकाणी मुद्दाम वस्तीवर, आडबाजूला लग्न उरकलं जातं. बालविवाह प्रतिबंध कायदा, 2006 मध्ये लग्न लावणारा, ते ठरवणारे आई-वडील आणि लग्नात सामील होणारे या सगळ्यांवर गुन्हा होऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. कळवायचं असेल तर 1098 वर फोन करता येतो. भटजी, मांडववाले आणि आचारी यांनी सुपारी घेण्याआधी जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला बघावा.

नोंदणी विसरू नका

घरच्या लग्नाची खरी अडचण नंतर येते. कार्यालयाची पावती नसते, रजिस्टर नसतं. पुढे नवऱ्याचं बरंवाईट झालं, वारसनोंद करायची आली किंवा सासरच्यांनी ‘लग्न झालंच नाही’ म्हटलं, तर पुरावा शोधत बसायची वेळ बाईवर येते. म्हणून महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून 90 दिवसांत नमुना ‘ड’ भरून नोंदणी करावी. गावात हे काम ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडेच होतं. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, विधीचे फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. भटजी परगावचा असेल तर दक्षिणा देतानाच सही घेऊन टाकावी. नंतर त्यांना शोधत हिंडावं लागतं. मुदत गेली तरी जादा शुल्क भरून नोंदणी होते.

याची उलटी बाजूही आहे. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र काढलं तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्न ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे अंगणातल्या लग्नात वरातीचा व्हिडिओ कमी निघाला तरी चालेल, पण सप्तपदीचा किंवा आपापल्या रूढीतल्या मुख्य विधीचा फोटो, साक्षीदार दिसतील असा, काढून ठेवावा.