सिंगापूरच्या नावाचा विषाणू

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी तापाची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण ही गोष्ट आपल्या या बेटावरून गेलेली आहे, आणि घरात लेक किंवा सून गरोदर असेल तर ती तुमच्या कामाचीही आहे.

1957 साली चीनमधून निघालेली इन्फ्लुएन्झाची नवी साथ एप्रिलमध्ये हाँगकाँगला आणि मे महिन्यात सिंगापूरला पोचली. इथे सापडलेल्या विषाणूला ‘ए/सिंगापूर/1/57’ हे नाव पडले. प्रयोगशाळांच्या दफ्तरात ते आजही आहे. त्याच मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला गेलेल्या एका बोटीतून साथ भारतात उतरली. पुढल्या आठ-नऊ महिन्यांत तिथे 44 लाखांहून अधिक रुग्णांची आणि सुमारे 1,100 मृत्यूंची नोंद झाली. 1918 च्या साथीत मुंबई इलाख्याने जे भोगले, त्या मानाने हे काहीच नव्हे. बहुतेक लोक चार दिवस अंथरुणाला खिळले, उठले, कामाला लागले आणि विसरून गेले.

तीस वर्षांनी, 1988 मध्ये, सार्नॉफ मेडनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडमधील हेलसिंकीच्या मनोरुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. या साथीच्या काळात ज्यांच्या आया गरोदरपणाच्या मधल्या तिमाहीत होत्या, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे निदान अधिक आढळले. चार दिवसांचा ताप आईला, आणि त्याची खूण मुलात वीस-पंचवीस वर्षांनी? खळबळ उडाली. इतर देशांत तसाच शोध झाला. काहींना तेच दिसले, अनेकांना काहीच दिसले नाही. मुख्य अडचण अशी, की नेमक्या कोणत्या आईला फ्लू झाला होता हे कुणालाच ठाऊक नव्हते. जुनी दफ्तरे चाळणाऱ्याला ही अडचण चांगली परिचयाची असते: गाव आजारी होते हे कागद सांगतो, घर कोणते ते सांगत नाही.

ते घर शोधले रक्ताने. कॅलिफोर्नियात 1959 ते 1966 या काळातील गरोदर स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोठवून जपलेले होते. अॅलन ब्राउन यांच्या गटाने त्यांतली फ्लूची प्रतिपिंडे मोजली आणि 2004 मध्ये निष्कर्ष मांडला: गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात फ्लू झाला असेल, तर मुलाला स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका सुमारे तिप्पट. मात्र अभ्यासातले रुग्ण अवघे 64 होते, म्हणून हा आकडा सैल हातानेच धरावा. आणि तिप्पट म्हणजे किती? हा आजार मुळात शंभरात एखाद्याला होतो. तिप्पट धरले तरी सत्त्याण्णव मुले सुखरूपच.

पण हे घडते कसे? कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पॉल पॅटरसन यांनी उंदरांवर प्रयोग केले. विषाणू न वापरता, विषाणूचा नुसता भास निर्माण करणारे एक रसायन त्यांनी गाभण मादीला टोचले. विषाणू नसूनही पिल्लांचे वागणे बदलले. ती इतर उंदरांपासून दूर राहू लागली. म्हणजे मेंदूच्या घडणीत ढवळाढवळ करतो तो आईच्या शरीराचा प्रतिकार. 2007 मध्ये त्यांच्या गटाने त्यातला एक दूतही ओळखला, इंटरल्यूकिन-6. तो अडवला की पिल्ले बरीचशी नेहमीसारखी वागत. पुढे 2016 मध्ये ग्लोरिया चोई आणि जुन हू यांच्या गटांनी इंटरल्यूकिन-17ए हा दुसरा दुवा दाखवला. त्याचे धागे तर मादीच्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत जातात! उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे अर्थातच लक्षात असू द्या.

इथे मला एक भीती वाटते. आपल्याकडे मूल दुभंगलेल्या ओठाचे जन्मले की पहिला प्रश्न बाईला: ग्रहणात चाकू हातात धरला होतास का? अमेरिकेतल्या विद्वानांनीही विसाव्या शतकाच्या मध्यावर ऑटिझमचे खापर आईच्या ‘थंडपणा’वर फोडले, आणि त्यात कित्येक आया उभ्या जळाल्या. आता तोच प्रश्न ‘तुला ताप आला होता का गं?’ असा नव्या रूपात विचारला जाऊ नये. एका मुलाकडे पाहून, हे त्या तापाने झाले, असे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. ताप आलेल्या बहुसंख्य स्त्रियांची मुले ठणठणीत असतात.

करण्याजोगे काही आहे ते आधीच करायचे. सिंगापूरमध्ये गरोदर स्त्रियांना फ्लूची लस घेण्याचा सल्ला दिला जातो, आणि ती गरोदरपणात केव्हाही घेता येते. ताप आलाच तर ‘औषध नको, बाळाला बाधेल’ म्हणून अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. सासूबाईंनी यात सुनेच्या बाजूने उभे राहावे, ही माझ्या वयाच्या वाचकांना विनंती.

2009-10 मध्ये केके आणि नॅशनल युनिव्हर्सिटी या रुग्णालयांतून बाराशेंवर गरोदर स्त्रियांना ‘गस्टो’ नावाच्या दीर्घ अभ्यासात घेतले गेले. त्या चिनी, मलय आणि भारतीय वंशाच्या. त्यांच्या रक्ताचे नमुने जपले आहेत, अनेक बाळांच्या मेंदूची छायाचित्रे जन्मानंतर लगेच घेतली गेली, आणि ती मुले आता किशोरवयात आहेत. आईच्या गरोदरपणापासून मुलाच्या तारुण्यापर्यंत सलग लिहिलेले असे दफ्तर हेलसिंकीकडे नव्हते.